हायड्रोला थेंबभर पाणी नको, पेटलं तर टाकीभर हवं

डाइंगमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवायच्या खात्यात, कॉस्टिक सोड्याला सगळे घाबरतात. हातावर पडलं की ते लगेच आपली ओळख करून देतं, म्हणून हातमोजे न सांगता घातले जातात. ॲसिटिक ॲसिडचा कॅन उघडला की नाकच मागे सरतं. रंगकामात लागणाऱ्या हायड्रोचं तसं नाही. पांढरं, मिठासारखं दिसणारं, जरासा गंधकाचा वास असलेलं हे पावडर ड्रममध्ये गप्प पडून असतं. नवा पोरगा ओल्या मगानं ते काढतो, झाकण तिरकं ठेवून चहाला जातो आणि बहुतेक दिवशी काहीच होत नाही. काहीच होत नाही हीच त्याची सवय होते. माझ्या मते आपल्या खात्यात सगळ्यात जास्त जपावा असा माल हाच आहे.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या डाइंगचं केमिकल स्टोअर सांभाळते. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, आधी लॅबमध्ये होते, मग स्टोअर हातात आलं. वडील शहराच्या पूर्व भागातल्या रंगखात्यात होते, आई विड्या वळायची, त्यामुळे कारखान्यातल्या माणसाच्या छातीत काय जातं आणि ते किती वर्षं तिथे राहतं, हे मी घरातच पाहिलं आहे. हे लिहिते आहे ते स्टोअरकीपर, डाइंग मास्तर आणि मुख्य म्हणजे हेल्परसाठी. मालकांनीही वाचावं, कारण पुढे पाण्याच्या टाकीचा खर्च येणार आहे.

आधी माल ओळखून घेऊ. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. काही कंपन्या लेबलवर सोडियम डायथायोनाइट लिहितात, वस्तू एकच. ड्रमवर यूएन 1384 हा नंबर आणि वर्ग 4.2 ची खूण असते. ती खूण स्वतःहून तापून पेटणाऱ्या मालाची. काडी लावायला कुणी लागत नाही. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून कॉस्टिकच्या पाण्यात हायड्रो घालून त्याला विरघळणाऱ्या रूपात आणायचं, सुतात उतरवायचं आणि मग हवा किंवा पेरॉक्साइड देऊन मूळ रंगावर परत न्यायचं, एवढं काम ते करतं. क्लोरीनच्या धुलाईतही टिकणारा टॉवेलचा पक्का रंग याच्याच जोरावर उभा असतो. ऑक्सिजन ओढून घेण्याची त्याची जी ताकद रंगाला कामाला येते, तीच ड्रममध्ये आपल्या जिवावर उठते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळे नियम तिच्यातूनच निघतात. कोरडं हायड्रो शांत असतं. भरपूर पाण्यात विरघळलेलं हायड्रो हळूहळू निकामी होतं, पण पेटत नाही, कारण निघालेली उष्णता पाणी पिऊन टाकतं. भीती आहे ती मधल्या अवस्थेची, म्हणजे ओलसर हायड्रोची. ढिगात चमचाभर पाणी गेलं की तिथे विघटन सुरू होतं आणि उष्णता निघते. भोवतीचं कोरडं पावडर ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तापमान वाढलं की विघटन वाढतं, विघटन वाढलं की तापमान. साधारण 90 अंशांच्या पुढे गेलं की पाण्याची गरजही उरत नाही, माल स्वतःच तुटत जातो आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडतो. मग धूर, आणि शेजारी पॅकिंग, लाकूड किंवा सुताची रुई असेल तर ज्वाळ. हायड्रोच्या या तुटण्याला हवेचीही गरज नसते. म्हणून झाकून, दाबून, कोंडून ते विझत नाही. वाळूच्या बादल्यांकडे वळताना हे वाक्य आठवा.

स्टोअरमध्ये

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42-43 च्या आसपास जातो, आणि दुपारी तीनला पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ हात वर केला तरी झळ लागते. हायड्रोची जागा शेडमधली सगळ्यात थंड, कोरडी आणि हवेशीर असायला हवी. बॉयलरची भिंत, स्टीमची लाइन, ड्रायर, पश्चिमेची खिडकी यांच्यापासून लांब. आमच्याकडे पत्र्याखाली थर्माकोलचं फॉल्स सीलिंग होतं, ते काढून आम्ही न जळणारं अस्तर लावलं आणि वर पांढरा रंग दिला. खर्च झाला, पण आत फरक जाणवला.

उन्हापेक्षाही मला पावसाळ्याची धास्ती जास्त वाटते. आपल्याकडे मुख्य जोर सप्टेंबरात, परतीच्या पावसाला. तोवर सगळे निर्धास्त झालेले असतात आणि पत्र्याचा नटबोल्ट कुठे ढिला झालाय ते पहिल्या झोडपणाऱ्या सरीलाच कळतं. म्हणून छताची तपासणी जूनच्या आधी एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा. रात्री पाऊस पडला तर सकाळी स्टोअर उघडल्यावर पहिली नजर वर आणि दुसरी ड्रमच्या झाकणांवर. झाकणावर पाणी साचलेलं दिसलं तर आधी ते कोरड्या फडक्यानं टिपायचं, मगच कडी सोडायची. घाईत कडी सोडली तर तेच पाणी आत ओघळतं.

ड्रम फरशीवर ठेवू नका, पॅलेटवर ठेवा. डाइंगची फरशी धुतली जाते आणि पाण्याला उतार कळतो, भिंत कळत नाही. स्टोअरच्या दाराला बोटभर उंचीचा उंबरा असेल तर फार बरं. एकावर एक रचायचे असतील तर दोनपेक्षा जास्त थर नकोत. वरचा ड्रम पडून फुटला की कोरड्या मालाचा ढीग फरशीवर येतो, आणि आपल्या फरशा क्वचितच कोरड्या असतात. आधी आलेला माल आधी वापरायचा, त्यासाठी ड्रमवर आल्याची तारीख मार्करनं मोठी लिहा. पावसाळ्यात साठा कमी ठेवा. भाव वाढणार म्हणून जुलैत वीस ड्रम भरून ठेवायचा मोह मालकांना होतो. मी त्याला दर वर्षी विरोध करते आणि करत राहीन.

शेजार कुणाचा, हे तापमानाइतकंच महत्त्वाचं आहे. ॲसिड शेजारी नको, कारण ॲसिड लागलं की हायड्रो लगेच सल्फर डायऑक्साइड सोडतं. आपल्याकडे ॲसिटिक असतं, फॉर्मिक असतं, ती वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या कोपऱ्यात, मध्ये भिंत ठेवून. हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लीचिंग पावडर, सोडियम हायपोक्लोराइट, सोडियम नायट्राइट हे ऑक्सिडायझर, म्हणजे ऑक्सिजन देणारे, याचे हाडवैरी. एकत्र आले तर स्फोटक वेगानं भिडतात.

यात एक जीवघेणा घोळ नेहमीचा आहे. खात्यात सोडियम हायपोक्लोराइटला सगळे ‘हायपो’ म्हणतात आणि याला ‘हायड्रो’. मशीनच्या आवाजात, तोंडाला फडकं बांधलेला माणूस ओरडतो, ‘हायड्रो दोन किलो!’ आणि समोरच्याला भलतंच ऐकू येतं. मी तोंडी मागणीवर यापैकी काहीही देत नाही. चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर नाव आणि रंग, हायड्रोला लाल आणि हायपोला निळा. ड्रमलाही त्याच रंगाचा पट्टा, मगालाही. आमच्या खात्यात तेलुगू बोलणारे अण्णा आहेत, अक्कलकोटकडून येणारे कन्नड बोलणारे आहेत, बिहारची पोरं आहेत. लाल पट्टा सगळ्यांना वाचता येतो. सूचनांची पाटी मात्र मी मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी अशा चारही भाषांत लावून घेतली आहे, कारण अडचणीच्या वेळी माणूस स्वतःच्या भाषेत विचार करतो.

आणखी एक. विडी-सिगारेट स्टोअरमध्ये नको, दारातही नको. हे सांगावं लागू नये, तरी सांगते.

ड्रम उघडताना आणि माल काढताना

ड्रम डाइंग हॉलमध्ये नेऊ नका. तिथे वाफ असते, जेट मशीनचं झाकण उघडलं की ढगच बाहेर येतो. डिसेंबरच्या थंड सकाळी तर स्टोअरमधला गार ड्रम हॉलमध्ये नेऊन उघडला की आतल्या बाजूला दव धरतं, डोळ्यांना दिसत नाही पण असतं. ड्रम स्टोअरमध्येच राहील. लागेल तेवढा माल तिथेच तोलून, झाकणाच्या कोरड्या प्लास्टिक डब्यातून मशीनपर्यंत जाईल आणि गेला की लगेच वापरला जाईल.

अंगावर काय हवं ते सांगते. बाजूनं बंद असलेला चष्मा, नायट्राइलचे कोरडे हातमोजे, पूर्ण बाह्या. धुळीचा साधा मास्क पावडरचे कण अडवतो, वायू अडवत नाही. वायूसाठी ॲसिड गॅसचं कार्ट्रिज लागतं. युरोपियन पद्धतीच्या मास्कला त्यावर ई अक्षर आणि पिवळा पट्टा असतो. रोज माल काढताना धुळीचा मास्क चालेल, पण कार्ट्रिजचे दोन मास्क स्टोअरच्या बाहेरच्या भिंतीला लटकलेले हवेत. आत ठेवले तर वेळेला मास्क आणायला धुरात जावं लागतं. कार्ट्रिजची मुदत तपासत चला. उपरणं ओलं करून नाकाला बांधायची जी सवय आहे ती इथे सोडा. त्यातून वायू थांबत नाही, आणि ड्रमवर वाकल्यावर त्यातून थेंब मात्र पडतो. घामाचंही तेच. मे महिन्यात ड्रमवर वाकायच्या आधी कपाळ पुसा.

माल काढायचा मग हायड्रोसाठी वेगळा ठेवा, कोरडा. तो ड्रमच्या कडीला साखळीनं बांधा म्हणजे तो कॉस्टिकच्या पाण्यात बुडवायला कुणी नेणार नाही. आतली पॉलिथिन पिशवी उघडताना चेहरा बाजूला, कारण साचलेला वायू भसकन वर येतो. माल काढला की पिशवीतली हवा दाबून काढायची, तोंड पिळून बांधायचं, वर झाकण, वर कडी. ‘आत्ता परत लागणार आहे’ ही सबब मी ऐकत नाही. डब्यात उरलेला माल परत ड्रममध्ये टाकायचा नाही, मग तो मूठभर असला तरी. मशीनजवळ जाऊन आलेल्या मालात काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं आणि त्या मुठीसाठी 50 किलो पणाला लागतात. उरलेला माल चालू बाथमध्ये, म्हणजे मशीनमधल्या रंगाच्या पाण्यात घाला किंवा भरपूर पाण्यात विरघळवून ईटीपीकडे (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेकडे) सोडा.

गुठळ्या झालेला माल म्हणजे ओल शिरून गेलेला माल. लोखंडी सळईनं गुठळ्या फोडून वापरू नका. त्याची ताकद गेलेली असते, त्यामुळे रंगही बिघडतो, आणि आत अजून काय चाललंय याचा भरवसा नाही. असा ड्रम मास्तरला दाखवा आणि उघड्यावर थोडा थोडा भरपूर पाण्यात घालून संपवा.

दुकानातून पिशवीत मिळणारं सुटं हायड्रो घेऊ नका. लहान डाइंगवाले पाच-दहा किलो पिशवीत घेऊन, स्कूटरच्या पायाशी ठेवून नेताना मी पाहिले आहेत. पिशवीला लेबल नाही, वर आभाळ भरलेलं. व्यापाऱ्याकडून सीलबंद ड्रमच घ्या आणि त्याच्याकडे एमएसडीएस, म्हणजे मालाचे धोके आणि उपाय सांगणारा कागद मागा. तो देणं हे त्याचं काम आहे. टेम्पोत ताडपत्री हवी, आणि त्याच खेपेत ॲसिडचे कॅन नकोत.

उरलंसुरलं हायड्रो गुऱ्हाळाला विकायची एक घाण पद्धतही आहे, गुळाला पिवळाधमक रंग येतो म्हणून. तो गूळ कुणाची तरी लेकरं खातात. आमच्या गेटमधून असा माल बाहेर जात नाही.

बाथमध्ये घालताना

क्रम असा: आधी पाणी, मग कॉस्टिक, मग हायड्रो. नेहमी पाण्यात हायड्रो घालायचं, हायड्रोवर पाणी ओतायचं नाही. बादलीत चार किलो हायड्रो घेऊन वर तांब्याभर पाणी टाकून कालवणारा माणूस नेमकी तीच मधली, ओलसर अवस्था स्वतःच्या हातानं तयार करत असतो, तेही स्वतःच्या तोंडाखाली. आधी विरघळवायचंच असेल तर मोठ्या टबात गार, कॉस्टिकचं पाणी घ्या आणि त्यात हायड्रो थोडं थोडं, पसरून टाकत ढवळा. एका जागी ढीग पडू देऊ नका.

बाथ अल्कलाइन आहे याची खात्री करूनच टाका. व्हॅटला पीएच 12 च्या वर लागतोच, पण इथे प्रश्न रंगाच्या छटेचा नाही. आधीच्या बॅचमधलं कॉस्टिक मारायला ॲसिटिक टाकलेलं मशीन नीट रिकामं न करता त्यात हायड्रो गेलं, तर पूर्ण हॉल खोकत बाहेर येईल. पीएच पेपर खिशात ठेवा, दोन सेकंदांचं काम आहे. व्हॅट यलो पेपर या चाचणीच्या कागदानं बाथमध्ये हायड्रो पुरेसं आहे का ते बघता येतं, म्हणून अंदाजानं मूठ मूठ जास्त टाकायची गरज नाही. जास्त हायड्रो म्हणजे जास्त वाफ, जास्त वास आणि ईटीपीवर जास्त भार.

सांडलं तर

कोरड्या फरशीवर सांडलं तर कोरड्या प्लास्टिक सुपलीनं भरा. ओलं पोतं फिरवू नका, लाकडाचा भुसा टाकू नका. भुसा जळतो आणि पोतं ओल देतं. भरलेला माल ड्रममध्ये किंवा कचऱ्यात नाही, सरळ उघड्यावरच्या मोठ्या टबभर पाण्यात. उरलेली धूळ मग भरपूर पाण्यानं, एका दमात धुऊन काढा. ओल्या फरशीवर सांडलं तर विचार करत बसू नका. आजूबाजूचे लोक बाजूला करा आणि पाईप पूर्ण सोडून माल वाहता करा. हे पाणी ईटीपीत जाऊ द्या, नाल्यात नको, कारण पाण्यातला ऑक्सिजन ते खाऊन टाकतं. ईटीपीच्या टाकीत हवा मारून झाल्याशिवाय ॲसिड टाकायचं नाही आणि त्या टाकीत काही कारणासाठी माणूस उतरवायचा नाही. अशा टाक्यांमध्ये उतरलेल्या माणसाला वाचवायला गेलेली दुसरी-तिसरी माणसंही जातात.

तापायला लागलं तर

रोज सकाळी उघडलेल्या प्रत्येक ड्रमला बाहेरून हाताची मागची बाजू लावा. शेजारच्या ड्रमपेक्षा एखादा कोमट लागला, किंवा माचिस ओढल्यासारखा झणझणीत वास आला, तर तीच पहिली सूचना. लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता परवडतो, तो घ्या. बंद स्टोअरमध्ये लांबूनच बघता येतं.

काही वर्षांपूर्वी मी लॅबला होते त्या एका डाइंगमध्ये असा ड्रम तापला होता. परतीचा पाऊस, पत्र्यातून ठिबक, खाली नीट न लावलेलं झाकण. धूर दिसल्यावर धावून लोकांनी वाळूच्या बादल्या ओतल्या, कारण आगीला वाळू असं आपल्याला शाळेपासून शिकवलेलं. वाळूच्या खालून धूर येतच राहिला. मग एकानं अर्धी बादली पाणी मारलं आणि धूर दुप्पट झाला. तेव्हा सगळे म्हणायला लागले, पाणी नको, पाणी नको! आणि नेमकी तिथेच गफलत झाली. पाणी चुकीचं नव्हतं, ते कमी होतं. शेवटी बोअरच्या पाइपनं लांबून धो धो पाणी सोडल्यावर ते शांत झालं. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं, दोघंही बरे झाले.

पेटलेल्या किंवा धुमसणाऱ्या हायड्रोवर वाळू, फोम, सीओटू, पावडरचा सिलिंडर यांचा भरवसा धरू नका. ज्याला जळायला हवा लागत नाही त्याला झाकून काय होणार? शेजारचं सूत, टॉवेल पेटलं तर त्यावर सिलिंडर ठीक आहे. हायड्रोवर मात्र पाण्याचा पूर, लांबून, वारा आपल्या पाठीशी घेऊन, न थांबता. मध्येच पाणी संपलं तर आपण ओलसर ढीग तयार करून ठेवला असं होतं. म्हणून सुरुवात करायच्या आधी पाणी किती आहे हे ठाऊक हवं.

सोलापुरात हा प्रश्न बाहेरच्यांना कळणार नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बोअर उन्हाळ्यात धापा टाकतो आणि खात्यातला प्रत्येक लिटर रंगाकडे पळवला जातो. तरी माझं मागणं आहे, आणि ते मी मालकांकडून मान्य करून घेतलं आहे: स्टोअरजवळ वेगळी टाकी, साठ्यातल्या सगळ्यात मोठ्या एका ड्रमला किमान दोन हजार लिटर हा माझा हिशेब. ती टाकी डाइंगला जोडायचीच नाही, म्हणजे घाईच्या ऑर्डरला कुणी व्हॉल्व्ह फिरवणार नाही. पंप असा हवा की मेन स्विच पाडल्यावरही चालेल. महिन्यातून एकदा पाईप सोडून बघा, पाणी झाडांना घाला.

आता क्रम. ड्रम नुसता कोमट आहे, धूर नाही, आणि मास्क-चष्मा घातलेले दोन सराईत लोक आहेत, तर तो ट्रॉलीवर उघड्यावर न्या, माणसांपासून लांब, आणि तिथे पाण्यानं भरून टाका. झाकण आणखी घट्ट करू नका, आत दाब धरतो. ड्रमवर वाकून आत बघू नका. धूर निघत असेल, किंवा योग्य मास्क नसेल, तर ड्रमला हात लावायचा नाही. घंटा वाजवा, हॉल रिकामा करा, 101 किंवा 112 ला फोन करा आणि फोनवर ‘केमिकलला आग’ एवढंच नाही तर ‘सोडियम हायड्रोसल्फाइट, यूएन 1384, भरपूर पाणी लागेल’ हे शब्द सांगा. ते शब्द आमच्या फोनशेजारी भिंतीवर लिहिलेले आहेत, कारण घाबरलेल्या माणसाला आठवत नाहीत.

वायू हवेपेक्षा दुपटीहून जड आहे. तो गटारीत, खड्ड्यात, उतारावर साचतो. म्हणून पळताना उताराकडे नाही, वारा जिकडून येतो तिकडे आणि उंचावर. गेटजवळ साड्यांच्या लांब चिंध्या बांधून ठेवल्यात आम्ही, वारा कुठला ते दिसतं. दम्याच्या माणसाला अगदी थोड्या वायूनंही धाप लागते, अशा कामगारांची नावं सुपरवायझरला माहीत असावीत आणि हायड्रोचं काम त्यांना देऊ नये.

एकदा बाहेर आलात की माल वाचवायला परत आत जायचं नाही. 21 एप्रिल 1995 ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडाय गावी एका कारखान्यात ब्लेंडरमध्ये हायड्रो आणि ॲल्युमिनियम पावडर मिसळली जात होती. आत पाणी शिरलं, माल तापायला लागला, लोक बाहेर आले. मग ब्लेंडर रिकामा करायला काहीजण परत आत गेले आणि स्फोट झाला. पाच कामगार गेले. आपल्या एका ड्रमची किंमत काय आहे ते प्रत्येक मालकाला माहीत आहे. हेल्परला ती सांगू नका. त्याला एवढंच सांगा की ड्रमसाठी त्याच्याकडून कधीच हिशेब मागितला जाणार नाही.

अंगावर किंवा छातीत गेलं तर

कोरडं पावडर त्वचेवर पडलं तर आधी झटका, मग भरपूर पाण्यानं धुवा, भरलेले कपडे काढा. ते कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पाण्यात बुडवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान 15 मिनिटं धार सोडा, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा, आणि डॉक्टरकडे. पोटात गेलं तर उलटी करवू नका.

वायू छातीत गेलेल्या माणसाला मोकळ्या हवेत बसवा, आडवं करू नका, बसून श्वास सोपा जातो. चालायला लावू नका. 108 बोलवा. आणि इथे एक चूक हमखास होते: तासाभरानं माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो आणि घरी जातो. सल्फर डायऑक्साइडनं फुप्फुसाला आलेली सूज काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उफाळू शकते. सिव्हिलला न्या, डॉक्टरांना वायूचं नाव सांगा, एमएसडीएस सोबत द्या आणि ते ठेवून घेतो म्हणाले तर घरच्यांशी तुम्ही स्वतः बोला. त्या दिवसाचा पगार कापू नका. पगार कापला की पुढच्या वेळी तो खोकला लपवेल.

रिकामा ड्रम

रिकामा म्हणजे रिकामा नसतो. पिशवीच्या घड्यांत आणि ड्रमच्या कडेला मूठभर माल राहतो. पिशवी उलटी करून मोठ्या टबात बुडवा. ड्रम उघड्यावर उभा ठेवून, आपला चेहरा बाजूला ठेवून पाण्यानं पूर्ण भरा आणि ओता, दोनदा. नुसती चूळ भरल्यासारखं विसळू नका. विसळलेला, झाकण लावलेला ड्रम भंगाराच्या गाडीत तापू शकतो.

मग लेबल खरवडून काढा आणि तळाला मोठं भोक पाडा. हे भोक ड्रम धुऊन झाल्यावरच पाडायचं, आधी नाही. भंगारवाला भोकाच्या ड्रमचे पैसे कमी देतो आणि मालक कुरकुरतात. पण पाणी साठवायला ड्रम लागणारं घर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, आणि चांगला लोखंडी ड्रम भंगारातून थेट कुणाच्या तरी न्हाणीत, नाहीतर पिण्याच्या पाण्यासाठी जातो. आमच्या स्टोअरच्या वहीत शेवटचा रकाना त्याचाच आहे: ड्रम नंबर, धुतला, भोक पाडलं, सही. सही झाल्याशिवाय गेटपास निघत नाही.